गृहराज्य हरूनही अध्यक्ष होता येते का? हा प्रश्न आकड्यांवरून सोडवण्याची रीत

गोव्यात निवडणुकीचा विषय निघाला, की उमेदवाराचा पक्ष कोणता हे विचारण्याआधी तो कुठल्या गावचा हे विचारले जाते. आपले विधानसभा मतदारसंघ लहान आणि प्रत्येक वाड्यावर कुणीतरी ओळखीचे असतेच, त्यामुळे ज्याला स्वतःच्या वाड्यावरची मते मिळत नाहीत तो बाहेर कसले दिवे लावणार, हा आपला जुना हिशेब आहे. २०१७ मध्ये त्या वेळचे मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर मांद्रे मतदारसंघात सात हजारांहून अधिक मतांनी हरले आणि २०२२ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळीत अवघ्या ६६६ मतांनी तरले. असे निकाल आपल्याला राज्यभरच्या निकालाइतकेच महत्त्वाचे वाटतात, आणि संसदीय पद्धतीत ते रास्तही आहे, कारण विधानसभेचा सदस्य नसलेल्या माणसाला सहा महिन्यांहून अधिक काळ मुख्यमंत्रीपदावर राहता येत नाही. अडचण तेव्हा होते जेव्हा हाच हिशेब आपण अमेरिकेच्या अध्यक्षपदाला किंवा आपल्या राष्ट्रपतिपदाला लावू लागतो.

मी काही वर्षे फोंडा परिसरातील महाविद्यालयीन मुलांची वादविवाद स्पर्धेची तयारी करून घेत आहे. एका वर्षी ‘गृहराज्याच्या भक्कम पाठिंब्यावाचून अध्यक्षपद मिळत नाही’ असा विषय होता आणि आमच्याकडे प्रतिकूल बाजू आली होती. गृहराज्य हरूनही जिंकलेल्या अध्यक्षांची एक यादी मी घाईने तयार केली, तिच्या झेरॉक्स प्रती वाटल्या आणि मुलांकडून पाठ करून घेतली. प्रत्यक्ष स्पर्धेत समोरच्या मुलीने एकच प्रश्न विचारला: ‘निक्सन यांचे गृहराज्य आपण कोणते धरता?’ आमच्या मुलाने न्यूयॉर्क सांगितले. त्यावर तिने शांतपणे सांगितले, की निक्सन जन्मले कॅलिफोर्नियात, खासदार झाले कॅलिफोर्नियातून, आणि १९६८ मध्ये कॅलिफोर्निया त्यांनी जिंकले होते. पुढचे अर्धे मिनिट आमचा मुलगा यादीकडे आणि मी जमिनीकडे पाहत होतो. चूक त्याची नव्हती. व्याख्या न ठरवता यादी करणारा मी होतो. त्यानंतर हा विषय ज्या क्रमाने शिकवू लागलो, तो क्रम पुढे देत आहे.

आधी ‘गृह’ कोणते ते ठरवावे

एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखावेत: जन्माचे राज्य, राजकीय कारकीर्द जेथे घडली ते राज्य, आणि निवडणुकीच्या दिवशी उमेदवाराचा अधिकृत निवास असलेले राज्य. बहुतेकांच्या बाबतीत यांतील किमान दोन रकाने जुळतात, पण जेथे जुळत नाहीत तेथेच वादाचे मूळ असते. अब्राहम लिंकन यांचा जन्म केंटकीचा. १८६० मध्ये त्या राज्यात त्यांना एक टक्काही मते पडली नाहीत, तरी त्यावरून ‘घरच्यांनी नाकारले’ असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण त्यांची वकिली आणि राजकारण इलिनॉयमध्ये झाले आणि इलिनॉय त्यांनी जिंकले. आयझेनहॉवर टेक्ससमध्ये जन्मले, कॅन्ससमध्ये वाढले, १९५२ मध्ये न्यूयॉर्कचे उमेदवार म्हणून उभे राहिले आणि १९५६ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे. सैन्यातल्या माणसाचे घर कोणते, हा प्रश्न तेथेही सुटत नाही.

निक्सन यांचे प्रकरण या रकान्यांत बसवून पाहावे. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरल्यावर ते न्यूयॉर्कला राहायला गेले आणि १९६८ मध्ये कागदोपत्री न्यूयॉर्कचेच होते. न्यूयॉर्क प्रतिस्पर्धी हम्फ्री यांच्याकडे गेले आणि कॅलिफोर्निया निक्सन यांच्याकडे. म्हणजे निवासाचा रकाना धरला तर ते गृहराज्य हरलेले विजेते ठरतात, पण जन्माचा किंवा कारकिर्दीचा धरला तर ठरत नाहीत. माझ्या मते कारकिर्दीचे राज्य मुख्य धरावे, कारण ज्या मतदारांनी माणसाला वर्षानुवर्षे पदावर पाहिले त्यांचाच कौल या प्रश्नात अर्थपूर्ण असतो. कोणतीही व्याख्या घ्यावी, मात्र ती सुरुवातीलाच जाहीर करावी आणि सोयीनुसार बदलू नये.

निवासाच्या रकान्याला एक कायदेशीर बाजूही आहे. अमेरिकी राज्यघटनेच्या बाराव्या दुरुस्तीनुसार कोणत्याही राज्याच्या निर्वाचकांना, म्हणजे अध्यक्षनिवडीसाठी प्रत्यक्ष मत देणाऱ्या त्या राज्याच्या प्रतिनिधींना, अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या दोन्ही पदांसाठी आपल्याच राज्याच्या रहिवाशांना मते देता येत नाहीत. २००० मध्ये जॉर्ज बुश टेक्ससचे गव्हर्नर होते आणि त्यांनी उपाध्यक्षपदासाठी निवडलेले डिक चेनी तेव्हा डॅलसमध्ये, म्हणजे टेक्ससमध्येच, राहत होते. दोघेही टेक्ससचे ठरले असते तर त्या राज्याची ३२ मते चेनी यांना मिळाली नसती, म्हणून चेनी यांनी त्या जुलैमध्ये आपली मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. गृहराज्य हा भावनेचा विषय आहे असे समजणाऱ्या मुलांना मी हे उदाहरण मुद्दाम सांगतो.

दोन्ही प्रमुख उमेदवार एकाच राज्याचे असले, तर त्यांतल्या एकाने गृहराज्य गमावणे अटळच असते. १८६० मध्ये लिंकन आणि डग्लस इलिनॉयचे होते, १९०४ मध्ये थिओडोर रूझवेल्ट आणि पार्कर न्यूयॉर्कचे, १९२० मध्ये हार्डिंग आणि कॉक्स ओहायोचे, १९४४ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट आणि ड्यूई पुन्हा न्यूयॉर्कचे, आणि २०१६ मध्ये ट्रम्प व हिलरी क्लिंटनही न्यूयॉर्कचेच. या पाचांपैकी पहिल्या चार वेळा सामाईक राज्य जिंकणाराच अध्यक्ष झाला. पाचव्या वेळी तसे झाले नाही.

वजाबाकीची कसोटी

अमेरिकेत आज एकूण ५३८ निर्वाचक मते आहेत आणि जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली तर राज्यात ज्याला सर्वाधिक मते पडतात त्याला त्या राज्याची सगळी निर्वाचक मते मिळतात, मग मताधिक्य पाचशेचे असो की पन्नास लाखांचे. इतके लक्षात ठेवले की पुरे. वर्षावर्षाची निर्वाचक मते अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर १७८९ पासून मिळतात आणि हाताने उतरवून घेतली तर चांगली लक्षात राहतात.

आता कसोटी अशी: विजेत्याच्या बेरजेतून त्याच्या गृहराज्याची मते काढावीत, ती प्रतिस्पर्ध्याच्या बेरजेत घालावीत, आणि निकाल बदलतो का ते पाहावे. विजेत्याने गृहराज्य आधीच गमावले असेल तर वजाबाकीची गरजच नाही, कारण त्याच्याविनाच तो जिंकलेला असतो. पराभूताने गृहराज्य गमावले असेल तर उलट करावे, म्हणजे ते राज्य त्याच्या पदरात घालून पाहावे.

सगळ्यांत बोलके उदाहरण २००० चे आहे. बुश यांना २७१ आणि अल गोर यांना २६६ निर्वाचक मते पडली. गोर टेनेसीचे माजी सिनेटर, त्यांचे वडीलही टेनेसीचे सिनेटर, आणि टेनेसीची ११ मते त्यांनी सुमारे ८० हजार मतांच्या फरकाने गमावली. कागदावर २६६ लिहून त्याखाली ११ मांडले की बेरीज २७७ येते आणि पलीकडे बुश २६० वर उतरतात. त्या निवडणुकीचा सगळा गाजावाजा फ्लोरिडातल्या ५३७ मतांचा, फेरमोजणीचा आणि सर्वोच्च न्यायालयाचा झाला, पण टेनेसी हाती असते तर फ्लोरिडाकडे पाहण्याचीही गरज नव्हती. वर्गात ही बेरीज फळ्यावर मांडली की मुले पहिल्यांदा दचकतात, आणि मग ठामपणे म्हणतात की गृहराज्य लागतेच. त्यांना तेथेच थांबू देऊ नये.

कारण लगेच दुसऱ्या बाजूची उदाहरणे मांडता येतात. जेम्स पोक प्रतिनिधिगृहाचे सभापती होते आणि टेनेसीचे गव्हर्नरही, पण त्यानंतर १८४१ आणि १८४३ अशा दोन वेळा टेनेसीने त्यांना गव्हर्नरपदासाठी नाकारले होते. १८४४ मध्ये अध्यक्षपदासाठी उभे राहिल्यावर टेनेसी त्यांनी शे-सव्वाशे मतांनी गमावले आणि जन्माचे राज्य असलेले नॉर्थ कॅरोलायनाही गमावले. तरीही १७० विरुद्ध १०५ असे ते जिंकले. त्यांचे प्रतिस्पर्धी हेन्री क्ले यांनी स्वतःचे केंटकी राखले आणि वर पोक यांचे टेनेसीही घेतले, पण त्याचा त्यांना उपयोग झाला नाही. निर्णायक ठरले ते न्यूयॉर्क: तेथली ३६ मते क्ले यांच्याकडे गेली असती तर आकडा क्ले १४१ आणि पोक १३४ असा झाला असता. दोघांपैकी कोणाचेही घर न्यूयॉर्कमध्ये नव्हते.

१९१६ मध्ये वुड्रो विल्सन स्वतः ज्या न्यू जर्सीचे गव्हर्नर राहिले होते ते राज्य मोठ्या फरकाने हरले आणि २७७ विरुद्ध २५४ मतांनी पुन्हा अध्यक्ष झाले, ते चार हजारांहून कमी मतांनी मिळालेल्या कॅलिफोर्नियाच्या बळावर. २०१६ मध्ये ट्रम्प यांना न्यूयॉर्क मिळाले नाही आणि ते मिळवण्याचा त्यांनी फारसा प्रयत्नही केला नाही. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून ८० हजारांहून कमी मतांच्या आघाडीवर त्यांची ४६ निर्वाचक मते ठरली आणि तेवढ्याने काम झाले.

ही कसोटी उपाध्यक्षपदाच्या दंतकथांनाही लावून पाहावी. १९६० मध्ये केनेडी यांनी लिंडन जॉन्सन यांना सोबत घेतले म्हणून टेक्सस मिळाले आणि टेक्ससमुळे अध्यक्षपद मिळाले, असे सर्रास लिहिले जाते. पहिला अर्धा भाग खरा असू शकतो. दुसऱ्यासाठी वजाबाकी करावी: केनेडी यांची ३०३, त्यांतून टेक्ससची २४ गेली तर २७९ उरतात, आणि तेव्हा एकूण ५३७ मतांत बहुमताला २६९ पुरत होती. टेक्ससविना ते जिंकतच होते. टेक्ससबरोबर इलिनॉयची २७ मतेही गेली असती तर गोष्ट वेगळी होती, पण मग श्रेय एकट्या टेक्ससला देता येत नाही.

झुकावाची कसोटी

वजाबाकीची कसोटी ढोबळ आहे. अटीतटीच्या निवडणुकीत कोणतेही राज्य काढले तरी निकाल बदलतो. २००० मध्ये बुश यांच्या २७१ मधून टेक्ससची ३२ काढली तर ते हरतात हे खरे, पण टेक्ससने बुश यांना आपला माणूस म्हणून मते दिली की रिपब्लिकन पक्षाचा म्हणून? त्या काळात कोणताही रिपब्लिकन उमेदवार टेक्सस जिंकलाच असता. म्हणून खरा प्रश्न असा विचारावा, की पक्षाला एरवी जितके मिळाले असते त्याहून उमेदवाराच्या घरपणाने किती अधिक मिळवून दिले.

हे मोजायला, म्हणजे राज्याचा झुकाव काढायला, राज्यातल्या मताधिक्याची तुलना देशातल्या मताधिक्याशी करावी आणि तीच तुलना आधीच्या व नंतरच्या निवडणुकीसाठीही करावी. गोर यांचे टेनेसी पुन्हा घेऊ. १९९६ मध्ये क्लिंटन देशात ८.५ टक्क्यांनी पुढे होते आणि टेनेसीत २.४ टक्क्यांनी, म्हणजे टेनेसी देशाच्या मानाने डेमोक्रॅटिक पक्षासाठी ६.१ नी मागे होते. २००० मध्ये गोर देशात ०.५ टक्क्याने पुढे होते आणि टेनेसीत ३.९ टक्क्यांनी मागे, म्हणजे फरक ४.४ चा. २००४ मध्ये त्याच पक्षाचे केरी देशात २.५ टक्क्यांनी मागे होते आणि टेनेसीत तब्बल १४.३ टक्क्यांनी, म्हणजे फरक ११.८ चा.

हे तीन आकडे, ६.१, ४.४ आणि ११.८, एकाखाली एक लिहून थोडा वेळ पाहत बसावे. सगळे राज्य झपाट्याने रिपब्लिकन होत असताना गोर यांच्या वेळी ती घसरण थांबली, किंबहुना किंचित मागे फिरली, आणि ते उमेदवार नसताना ती एकदम वाढली. ‘गोर यांना घरच्यांनी नाकारले’ हे वाक्य आपण सगळेच म्हणत आलो, पण आकडे उलट सांगतात: घरच्यांनी त्यांना हात दिला, तो हात पुरा पडला नाही इतकेच. जिंकले की हरले एवढेच पाहणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, आणि या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

याच्या जोडीला १९८४ चे मिनेसोटा ठेवावे. डेमोक्रॅटिक उमेदवार वॉल्टर मॉण्डेल त्या वर्षी ५२५ विरुद्ध १३ असे चीत झाले. त्यांच्या तेरा मतांत वॉशिंग्टन शहराची तीन आणि स्वतःच्या मिनेसोटाची दहा होती, आणि मिनेसोटा मिळाले ते चार हजारांहूनही कमी मतांनी. देशात ते १८.२ टक्क्यांनी मागे होते आणि मिनेसोटात ०.२ टक्क्याने पुढे, म्हणजे झुकाव १८.४ चा. चार वर्षांनी त्याच पक्षाचे, पण दुसऱ्या राज्यातले डुकाकिस उभे असताना देशात ते ७.७ नी मागे आणि मिनेसोटात ७.० नी पुढे होते, म्हणजे झुकाव १४.७ चा. दोन्हींतला फरक पावणेचारच्या आसपास येतो. गृहराज्याचा लाभ सरासरीने चारएक टक्क्यांचा असतो, असा हिशेब अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मांडला होता. मॉण्डेल यांचा आकडा त्याच्या जवळ बसतो, पण एकाच राज्याच्या एकाच आकड्यावरून नियम सिद्ध झाला असे समजू नये.

कधी कधी लाभ शून्यही असतो. रिपब्लिकन पक्षाचे मिट रॉम्नी चार वर्षे मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते. २००८ मध्ये ते राज्य देशाच्या मानाने साडेअठरा टक्के डेमोक्रॅटिक होते आणि २०१२ मध्ये, रॉम्नी स्वतः उमेदवार असताना, ते एकोणीसच्या वर गेले. जन्माचे मिशिगनही त्यांच्या हाती लागले नाही. मॅसॅच्युसेट्ससारख्या पक्क्या राज्यात गव्हर्नर म्हणून विरोधी पक्षाचा माणूस चालतो, पण देशाचा अध्यक्ष निवडताना मतदार पुन्हा पक्षाकडे वळतात. विल्सन यांच्या न्यू जर्सीचेही थोडेफार असेच आहे: १९१२ मध्ये रिपब्लिकन मते टाफ्ट आणि थिओडोर रूझवेल्ट यांच्यात फुटली होती म्हणून ते राज्य विल्सन यांना मिळाले. १९१६ मध्ये ती मते एकत्र आली आणि राज्य गेले.

हरलेल्यांची यादी वाचताना

अनुकूल बाजूचे वक्ते हमखास एक यादी वाचून दाखवतात: १९१२ मध्ये टाफ्ट ओहायो हरले, १९३२ मध्ये हूवर कॅलिफोर्निया हरले, १९३६ मध्ये लँडन कॅन्सस हरले, १९५२ आणि १९५६ मध्ये स्टीव्हन्सन इलिनॉय हरले, १९७२ मध्ये मॅकगव्हर्न साउथ डकोटा हरले, आणि हे सगळे अध्यक्षपदही हरले. यादी खरी आहे. मात्र यांतल्या प्रत्येकाच्या पदरात गृहराज्य घालून पाहावे. लँडन यांच्याकडे अवघी आठ निर्वाचक मते होती आणि मॅकगव्हर्न यांच्याकडे सतरा. साउथ डकोटाची चार मिळून एकवीस झाली असती, आणि समोर निक्सन पाचशेच्या वरच राहिले असते. सगळीकडे पाणी भरले तेव्हा यांच्या घरातही शिरले. गृहराज्य गमावणे हे येथे पराभवाचे लक्षण आहे, कारण नव्हे, आणि वादविवादात हा भेद ज्याला नेमक्या शब्दांत मांडता येतो त्याच्याकडे परीक्षकाचे लक्ष जाते. या साऱ्या मालिकेत गृहराज्याने खरोखर निकाल फिरला असता असा एक गोर यांचाच दाखला मला भक्कम वाटतो.

अनुकूल बाजूला अधिक बळकट मुद्दा हवा असेल, तर त्यांनी सार्वत्रिक निवडणूक सोडून पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकांकडे जावे. तेथे पक्षाचा झुकाव हा प्रश्नच उरत नाही, कारण सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असतात. २०१६ मध्ये मार्को रुबिओ स्वतःच्या फ्लोरिडात ट्रम्प यांच्याकडून हरले आणि त्याच रात्री शर्यतीतून बाहेर पडले. जॉन केसिक यांनी मात्र ओहायो जिंकले, आणि दुसरे एकही राज्य न जिंकता ते पुढे काही आठवडे टिकून राहिले. २०२० मध्ये एलिझाबेथ वॉरन मॅसॅच्युसेट्समध्ये तिसऱ्या आल्या आणि दोन दिवसांनी थांबल्या. देणगीदार आणि कार्यकर्ते यांना आपला उमेदवार घरीच पडलेला चालत नाही.

आपल्या राष्ट्रपतिपदाकडे वळताना

ही कसोटी आपल्याकडे लावायची असेल तर आधी मतमूल्य समजून घ्यावे. राष्ट्रपतीची निवड संसद आणि विधानसभा यांचे निवडून आलेले सदस्य करतात, आणि आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या १९७१ च्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने व नंतर हजाराने भागून काढतात. गोव्याच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य २० येते, महाराष्ट्राच्या १७५ आणि उत्तर प्रदेशच्या २०८. पर्वरीच्या विधानसभा संकुलात आपला आमदार गुलाबी मतपत्रिकेवर पसंतीचा आकडा लिहितो, तेव्हा तो वीस मते टाकत असतो. २०२२ मध्ये खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते. चाळीस आमदारांची ८०० आणि लोकसभेचे दोन व राज्यसभेचा एक अशा तीन खासदारांची २,१०० मिळून गोव्याची २,९०० मते झाली, आणि देशाची एकूण होती १०,८६,४३१. उद्या एखादा गोमंतकीय या पदाला उभा राहिला आणि त्याला सगळ्या गोव्याने एकमुखाने मते दिली, तरी एकूण मतांपैकी जेमतेम पाव टक्काच त्याच्या पदरी पडेल. घरच्या आकड्यावर विसंबण्याची सोय त्याला नाही.

मराठी वाचकाच्या आठवणीत २००७ ची निवडणूक असते. प्रतिभाताई पाटील काँग्रेस आघाडीच्या उमेदवार होत्या, आणि शिवसेना भाजपसोबत असूनही मराठी उमेदवार म्हणून तिने त्यांना पाठिंबा दिला. या निवडणुकीत पक्षांना व्हीप काढता येत नाही, त्यामुळे असे वळण कायद्याच्या दृष्टीने सोपे असते. आता वजाबाकी करावी. पाटील यांना ६,३८,११६ आणि भैरोंसिंह शेखावत यांना ३,३१,३०६ मते पडली. महाराष्ट्राचे २८८ आमदार आणि ६७ खासदार यांची सगळी मते, म्हणजे त्या वेळच्या मूल्याने अधिकात अधिक ९७,८३६, पाटील यांच्याकडून काढून शेखावत यांना दिली तरी निकाल ५,४०,२८० विरुद्ध ४,२९,१४२ असा राहतो. शिवसेनेचा पाठिंबा राजकारणात मोठा होता, पण निकालासाठी त्याची गरज नव्हती.

मात्र येथेच या कसोटीची मर्यादाही सांगावी. मतमोजणीनंतरची वजाबाकी मतदानाआधीच्या हालचाली दाखवत नाही. २०२२ मध्ये भाजप आघाडी स्वबळावर निम्म्याच्या किंचित मागे होती. द्रौपदी मुर्मू यांचे नाव जाहीर झाले तेव्हा त्यांच्या ओडिशातल्या बिजू जनता दलाने लगेच पाठिंबा दिला आणि आघाडीची अडचण सुटली. शेवटी त्या जवळजवळ तीन लाखांच्या मतमूल्याने जिंकल्या, त्यामुळे ओडिशा काढून टाकले तरी निकाल तोच येतो, पण पहिल्या आठवड्यात ओडिशाच्या मतांना जे वजन होते ते या आकड्यात उतरत नाही.

आणखी एक गंमत मुलांना नेहमी आवडते. २०१७ मध्ये बिहारच्या मीरा कुमार उभ्या असताना नीतीश कुमार यांनी पाठिंबा दिला तो रामनाथ कोविंद यांना, जे उत्तर प्रदेशचे असले तरी तोवर बिहारचे राज्यपाल होते. २०२२ मध्ये मुर्मू यांच्याविरुद्ध उभे असलेले यशवंत सिन्हा झारखंडचे, हजारीबागचे माजी खासदार, पण झारखंड मुक्ती मोर्चाने पाठिंबा दिला तो मुर्मू यांना, ज्या सहा वर्षे झारखंडच्या राज्यपाल होत्या. मोर्चा तेव्हा काँग्रेससोबत सत्तेत होता. मुर्मू यांच्या बाबतीत आदिवासी ओळख अधिक महत्त्वाची होती हे उघड आहे, पण राजभवन हेही एक प्रकारचे घर ठरू शकते, असा चौथा रकाना भारतासाठी आखायला हरकत नाही.

स्पर्धेआधीचा शेवटचा सराव म्हणून मी मुलांना २०२४ ची निवडणूक देतो. ट्रम्प तोवर फ्लोरिडाचे रहिवासी झाले होते आणि फ्लोरिडा त्यांनी जिंकले. कमला हॅरिस यांनी कॅलिफोर्निया जिंकले. ट्रम्प यांच्या ३१२ मधून फ्लोरिडाची ३० काढली तरी २८२ उरतात. दोघांनीही घर राखले, दोन्ही राज्ये आधीपासून त्या त्या पक्षाकडेच झुकलेली होती, आणि वजाबाकीने काही बदलले नाही. पानभर लिहून आणणाऱ्या मुलांना मी ते पान परत देतो आणि ज्याने त्या वर्षासमोर ‘या प्रश्नाला निरुपयोगी’ एवढेच लिहिले असेल त्याला पहिला वक्ता करतो.